सरांनी फळा पुसला

दीप्ती ओव्हाळच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं टिपणीस सर स्वतःला सांगत. जसं दळण आणायचं राहतं, गॅसचा नंबर लावायचा राहतो, तसं. पण हे तसं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. दळण राहिलं तर शेजारून वाटीभर पीठ आणता येतं. पत्र मात्र पुस्तकांच्या मागे सारून ठेवलं तरी कपाट उघडलं की आपल्याकडेच बघत असतं.

गेल्याच्या मागच्या दिवाळीआधी ते आलं होतं. हल्ली टपालाने येतात ती बँकेची नाहीतर विम्याची पाकिटं. हे हाताने पत्ता लिहिलेलं आणि थोडं फुगलेलं. पत्त्यात 'प्रा. सखाराम टिपणीस' असं वाचूनच सरांना कसंसं झालं. ते कुठले प्राध्यापक! कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले साधे शिक्षक.

'आदरणीय सर,' पत्रात होतं, 'मी तुम्हाला आठवणार नाही. अकरावी ब, खिडकीकडची रांग, मोहन्याहून यायचे. तुम्ही एकदा वर्गात पानफुटीची पानं वाटलेलीत. मातीवर नुसतं ठेवा, कडेच्या खाचांमधून रोपं येतील, म्हणालेलात. मी विचारलं होतं, सर, हे रोप म्हणजे पानफुटीचं मूल, की तीच पानफुटी? तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. नंतर एकदा जिन्यात मात्र सांगितलंत, की यावर विद्यापीठात तुमचा प्रबंध चालू आहे. सर, मी मायक्रोबायोलॉजी केलं, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आता हैदराबादला एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानात पीएच.डी. करतेय. विषय तोच, जीव 'एक' आहे असं कधी म्हणायचं? तुमचा प्रबंध वाचायला मिळेल का? आणि तुमचं उत्तर काय होतं, ते दोन ओळींत तरी कळवाल का? सुट्टीत घरी आलेय, म्हणून सोबत एक पान पाठवतेय. तुम्ही दिलेल्या पानापासून आलेल्या झाडाचं आहे.'

पान टपालाच्या थैल्यांत दबून चपटं झालेलं होतं. तरी त्याच्या खाचांतून दोन इवले कोंब, दोऱ्यासारख्या मुळांसकट बाहेर आलेच होते.

सरांच्या बायकोने, मीराने, ते उचलून उजेडात धरलं. "अगंबाई, म्हणजे ही आपलीच की! माझ्या माहेरची!"

आणि ते खरंच होतं. सरांनी वर्गात वाटलेली पानं मीराच्या कुंडीतली, आणि ती कुंडी तिच्या आईने कळव्याहून दिलेली. कळव्याची पानफुटी लग्नानंतर डोंबिवलीला आली, तिथून कल्याणच्या वर्गात गेली, तिथून मोहन्याला, आणि आता पाकिटात बसून परत. मीराने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती घालून पान लावलं. म्हणाली, "लिहा तिला, लेक सुखरूप पोचली म्हणून."

सरांनी लिहिलं नाही, कारण प्रबंध नव्हता.

म्हणजे होता, पण अर्धा. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात नाव नोंदवलं होतं. शनिवारी-रविवारी ग्रंथालयात बसायचं, टिपणं काढायची. 'जीवसृष्टीत व्यक्ती कशास म्हणावे' असा विषय. मार्गदर्शक भले गृहस्थ होते, घाई करत नसत. पण सर जितकं वाचत गेले, तितकी त्यांची खात्री होत गेली की आपण आपली पायरी ओळखायला हवी होती. शेवटी एका पानावर 'याचे कारण असे की' एवढं लिहून पेन थांबलं ते थांबलंच. मुदत संपली. बाकी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी विचारलंही नाही. आणि आता ही मुलगी त्या अर्ध्या वाक्याच्या भरवशावर हैदराबादला जाऊन बसली होती आणि दोन ओळी मागत होती.

उद्या लिहू, परवा लिहू, करता करता श्रीखंडाचा डबा तडकला इतकं रोप वाढलं. त्याला मोठी कुंडी मिळाली. पत्र होतं तिथेच राहिलं.

मग या श्रावणात सरांची दाढ दुखायला लागली. मीराच्या भाच्याने ठाण्यातला एक दातांचा डॉक्टर सुचवला. सर गोखले रोडवरचा जिना चढून त्या खुर्चीत आडवे झाले, आणि वरून एक मास्क लावलेला चेहरा वाकून म्हणाला, "सर? टिपणीस सर ना? मी ऋतुराज म्हसकर! अकरावी ब! बेडकाच्या प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडलेलो, तो!"

"हो, हो," सर म्हणाले. बेडूक आठवला, मुलगा आठवला नाही.

"आता बघा, माणसांच्या तोंडात हात घालतोय. आ करा. अजून. अजून थोडं. हां, बास." इंजेक्शन टोचून त्याने कापसाचे बोळे दोन्ही बाजूंना ठासले. "आता बधिर होईपर्यंत गप्पा मारू. म्हणजे मी मारतो, तुम्ही ऐका. वर्गात तुम्ही बोलायचात, आम्ही ऐकायचो. हिशोब बरोबर."

नर्स हसली. सर छताकडे बघत राहिले.

"खरं सांगू सर? आमची जाम टरकायची तुम्हाला. ओरडायचात नाही तुम्ही, छडी नाही, काही नाही. पण कोणी फालतू प्रश्न विचारला ना, की तुम्ही एक शब्द न बोलता वळायचात आणि फळा पुसायला लागायचात. सावकाश, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बस्स. विचारणाऱ्याची तिथेच विकेट. आमच्यात म्हणच पडलेली, 'सरांनी फळा पुसला'. एखादा पोरीला विचारायला गेला नि तोंड पाडून आला, की आम्ही विचारायचो, काय रे, फळा पुसला? अजून चालतं आमच्या ग्रुपवर."

सरांच्या घशातून काहीतरी आवाज निघाला.

"दुखतंय? नाही ना? मग हलू नका." ऋतुराजने दिवा जवळ ओढला. "आणि ती दीप्ती आठवते का? दीप्ती ओव्हाळ, मोहन्याची. हुशार होती हो. आमच्यात एकटीच ती पीएच.डी.ला गेली, ते पण फिलॉसॉफीत. आता सोडतेय म्हणे, मोहन्याला घरीच आलीय. परवा ग्रुपवर विषय निघाला, तर काय लिहिलं तिने माहितीये? म्हणाली, मी तर सरांना पत्र लिहिलेलं, सरांनी फळा पुसला. वर हसायचा इमोजी. आम्ही पण हसलो. सर? सर, जीभ मध्ये नका आणू प्लीज."

दाढ निघाली. सरांना ती निघाल्याचं कळलंही नाही.

खाली आल्यावर त्यांनी स्टेशनचा रस्ता धरायला हवा होता, पण पाय तलावपाळीकडे वळले. अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस, आणि भर दुपारी ते तलावाला फेऱ्या घालू लागले. बाकावर बसावं म्हटलं तर बसवेना.

फालतू प्रश्न! फालतू प्रश्नांना तर ते लगेच उत्तर देत. परीक्षेत किती मार्कांना येईल, आकृतीत रंग भरायचे का, या सगळ्यांना. फळा पुसत ते वेगळ्याच वेळी. कुणी असं काही विचारलं की ज्याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही, तेव्हा कानशिलं तापत, पन्नास पोरांसमोर आपलं तोंड कुठे लपवावं कळत नसे, आणि लपवायला त्या खोलीत दुसरी जागाच नव्हती. वळलं की समोर फळा. हातात डस्टर घेतलं की निदान काहीतरी चालल्यासारखं दिसे. सावकाश पुसत ते, म्हणजे तेवढ्यात घंटा व्हावी.

आता एकेक प्रश्न तलावाच्या कडेने समोर यायला लागला. व्हायरस मेलेला असतो की झोपलेला असतो, सर? डोळा बघण्यासाठी झाला असं म्हणायचं, की झाला म्हणून आपण बघतो? वाघाची जात संपली म्हणजे नेमकं काय संपलं, शेवटचा वाघ तर आपल्या मरणाने मेला ना? आणि खिडकीकडच्या रांगेतून, जरा दबकत, सर, हे मूल की तीच? तीस-बत्तीस वर्षांत वर्गात जे काही विचार करण्यासारखं निघालं, ते सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून काढलं होतं. आणि पोरं समजली होती की चूक त्यांची.

घरी पोचेपर्यंत गाल जागा झाला होता आणि ठणकत होता. मीराने मऊ भात कालवून ठेवला होता. सरांनी तो ढवळत सगळं सांगितलं. मीरा ऐकून घेऊन म्हणाली, "मग फोन करा तिला. आत्ता करा."

"काय सांगू फोनवर?"

"हेच. मला जे सांगितलंत ते."

"तू माझी बायको आहेस."

"म्हणून मला चाळीस वर्षं सगळं उशिरा कळतं," मीरा म्हणाली. "ते जाऊ दे. फोन नको तर जाऊन या. मोहने काही अमेरिकेत नाही."

दुसऱ्या दिवशी पाकिटावरचा पत्ता घेऊन सर निघाले. कल्याणला गाडी बदलून टिटवाळ्याची धीमी धरली. दुपारची वेळ, डबा रिकामा. मोहन्याला जायचं तर आंबिवलीला उतरायचं. सर खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवू लागले. 'दीप्ती, तुझा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.' छे, म्हणजे पुन्हा चूक तिचीच. 'दीप्ती, मला माफ कर.' सत्तरीचा म्हातारा दारात उभा राहून असं म्हणाला तर ती मुलगी कसनुशी होईल. 'मी सहज इकडून चाललो होतो.' मोहन्याहून सहज कुणी कुठे चाललेलं असतं? वाक्य जुळेना, आणि आंबिवली आली. सर उठले, दारापर्यंत गेले, खाली फलाटाकडे बघत उभे राहिले. गाडी हलली. टिटवाळ्याला उतरून त्यांनी एक चहा घेतला, दुखऱ्या गालाने तोही नीट पिता आला नाही, आणि उलटी गाडी पकडली. या खेपेला मात्र, वाक्य नसतानाच, आंबिवलीला उतरले.

ओव्हाळांचं घर जुन्या कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या चाळीत होतं. दीप्तीचे वडील जगन त्याच कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर त्यांनी इलेक्ट्रिकची कामं धरली. दारातच स्टुलावर बसून पंख्याची मोटर उघडत होते. सरांचं नाव ऐकताच हात पुसत उठले.

"या, या सर! दीप्ते, बघ कोण आलंय! भीमा, च्या टाक." बायकोला सांगत त्यांनी खुर्ची झटकून पुढे केली. "बरं झालं आलात. तुमीच सांगा आता. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगू? लेक काय करते? तर बायोलॉजीची फिलॉसॉफी. म्हंजे नक्की काय, दवाखाना का विहार?"

"पप्पा," दीप्ती आतून येत म्हणाली. चष्मा, साधा ड्रेस, केस वर बांधलेले. चेहरा पाहिल्यावर सरांना ती आठवली, आणि तिने विचारलेला प्रश्न ज्या आवाजात विचारला होता तो आवाजही. "बसा ना सर. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"नाही, त्रास काय," सर म्हणाले.

चहा आला. जगन बोलत होते, दीप्ती कपाची बशी नीट करत होती, सर तिच्या बोटांकडे बघत होते.

"सोडतेय मी सर," तीच म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत कमिटीला कळवायचंय, पुढे चालू ठेवायचं की नाही. गाईड म्हणतात, प्रश्न जुना आहे, यात तुझं काय ते दाखव. आता दोन वर्षं तेच चाललंय. लिहिते, खोडते. कधीकधी वाटतं मुळात प्रश्नच बालिश आहे. टिटवाळ्याला नवीन क्लास निघालाय, नीटच्या बॅचला बायोलॉजी शिकवायला बोलावतायत." मग हसल्यासारखं करून, "तुम्हाला पण कायतरीच पत्र लिहिलेलं मी. वेळ घालवला तुमचा. सॉरी सर."

आता. आता बोलायचं होतं. सरांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला. कानशिलं तापली. खोलीत फळा नव्हता. खिडकीत एक कुंडी होती, तिच्यात पानफुटी. सर उठले आणि तिच्याशी गेले. वाळलेलं एक पान तोडलं, दुसरं तोडलं. खालची पानं पिवळी पडली होती.

"पाणी जास्त होतंय हिला," सर म्हणाले.

"हो का," दीप्ती म्हणाली. "कमी करते."

आणि सर निघाले.

जगन स्टेशनपर्यंत सोडायला आले. फलाटावर येऊन ते म्हणाले, "सर, एक विचारू? राग नका मानू. मला त्यातलं कळत नाही. नोकरी लागंल, नाही लागंल, ते बघू. पण हिच्यात तेवढं आहे ना? का आपली उगाच धावतेय?"

"आहे," सर म्हणाले. इतकं लगेच आणि इतकं स्पष्ट, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "माझ्यात नव्हतं तेवढं तिच्यात आहे. मी त्या प्रश्नाला पाठ फिरवली. ती फिरवत नाहीये, म्हणून अडली आहे."

जगनने त्यांच्याकडे बघितलं. "मग हे मला सांगून काय उपयोग, सर? तिला का नाही सांगितलंत?"

पाठ फिरवायला फलाटावर जागा नव्हती. ते तसेच उभे राहिले. गाडी आली तेव्हा जगनने त्यांचा हात धरून त्यांना वर चढवलं, आजारी माणसाला चढवावं तसं.

घरी आल्यावर ते टेबलाशी बसले. कागद घेतला, 'प्रिय दीप्ती' लिहिलं, उठले. पाणी प्यायले, बसले. दोन ओळी लिहिल्या, कागद चुरगळला. गॅलरीत गेले. तिथे एकच पानफुटी उरली होती, दीप्तीच्या पानाची. मीराच्या आईने दिलेली मूळ कुंडी याच पावसात सडली होती. मुळाशी पाणी साचलं आणि आठवड्यात खोड मऊ पडलं. तेव्हा मीराच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून सर म्हणाले होते, "अगं, रडतेस काय? तीच तर आहे ही शेजारी." मीरा म्हणाली होती, "ती तिची पोर. आई गेली ती गेलीच." आणि तीच मीरा, गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या प्रीतीला पान देताना म्हणत होती, "घ्या, माझ्या आईने दिलेली पानफुटी आहे, साठ वर्षांची."

सर एकदम थांबले. "मीरा," त्यांनी हाक मारली. "तू प्रीतीला साठ वर्षांची म्हणालीस?"

"मग? आहेच."

"पण ती तर गेली ना? तू रडलीस."

मीरा पीठ माखलेल्या हातांनी दारात आली. "अहो, देताना वेगळं आणि गेल्यावर वेगळं. तुम्हाला इतकी वर्षं शिकवून एवढंही कळत नाही?"

"मला पटत नाही," सर म्हणाले. "दोन्ही कसं खरं असेल? एक तर एक आहे, नाहीतर दोन."

"मग घाला वाद तिच्याशी. माझ्या पोळ्या करपतायत."

सर पुन्हा बसले. या खेपेला उठले नाहीत.

'प्रिय दीप्ती,

तुझ्या पत्राचं उत्तर दिलं नाही. आज तुझ्या घरी येऊनही दिलं नाही. समोर बसून मला ते येत नाही, म्हणून लिहितो.

वर्गात मी फळा पुसत असे तो प्रश्न फालतू असल्यामुळे, अशी तुम्हा मुलांची समजूत होती, हे मला आत्ता ऋतुराजकडून कळलं. तसं नव्हतं. मला उत्तर येत नसे आणि तोंड लपवायला दुसरी जागा नसे, म्हणून मी पुसत असे. ज्या प्रश्नांना पुसलं, तेच खरे होते. तुझा त्यातला सगळ्यात चांगला. आज तुझ्या कुंडीतली पानं तोडली, तेही तेच होतं.

प्रबंध नाही. अर्धा लिहून सोडला. 'याचे कारण असे की' एवढ्यावर थांबलो, पुढचं मला सुचलं नाही. तू दोन वर्षं लिहितेस आणि खोडतेस, म्हणजे माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेस. मी खोडायलाही परत बसलो नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. एक लहानशी गोष्ट मात्र आहे, कामाची आहे की नाही हे तू ठरव. आमची मूळची पानफुटी या पावसात सडली. माझ्या बायकोने ती मेली म्हणून डोळे पुसले, आणि आठवड्यात तिच्याच वंशातलं पान शेजारणीला देताना 'साठ वर्षांची आहे' म्हणून दिलं. मेल्यावर ती दोन मोजते, देताना एक मोजते. मी म्हटलं, दोन्ही खरं असणार नाही. पण मग मला शंका आली. आपण पुस्तकात लिहितो की निसर्ग टिकून राहणाऱ्यांची निवड करतो. निवडायचं तर मोजावं लागतं. पण मोजतो ते काय? मुळं धरलेली रोपं, की पाना-पानाने पसरत गेलेली एकच पानफुटी? रोग पडला तर एक मोजावी लागेल, कारण सगळ्या एकदम बळी पडतील. कुंडीत पाणी साचलं तर वेगवेगळ्या, कारण एकच सडेल. कदाचित 'एक की दोन' हे झाडाकडे बघून ठरत नसेल, कशासाठी मोजतोय यावर ठरत असेल. किंवा हे मी चुकीचं म्हणतोय आणि कोणीतरी आधीच खोडून काढलेलं आहे. माझं वाचन तिथवर पोचलेलं नाही. तू पोचली आहेस. पटलं नाही तर खोड, पण मला कळव का खोडलंस ते.

नीटच्या बॅचला शिकवणं वाईट नाही. मी तेच केलं. पण त्या मुलांपैकी कुणी असा प्रश्न विचारला की तुला फळ्याकडे वळावंसं वाटेल, आणि ते फार वर्षं चालतं. म्हणून महिनाअखेरीला कमिटीला काय लिहायचं ते ठरवताना, मी उत्तर दिलं नाही हे त्या तराजूत घालू नकोस. ते माझं होतं, तुझं नाही.

तुझा,
स. वा. टिपणीस'

वाचून बघावं असं वाटलं, पण वाचलं तर फाडलं जाईल हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घडी घातली.

सकाळी मीरा म्हणाली, "अहो, लोकलने तासाभरावर राहते ती. आणि तुम्ही टपाल टाकताय?"

"पत्राचं उत्तर आहे."

"बरं बाई. मग एक पान घाला आत."

"नको. लाच दिल्यासारखं दिसेल. आणि तिच्याकडे आहे की झाड."

"पाणी जास्त झालंय म्हणालात ना त्याला? आपली तशीच गेली."

सरांनी गॅलरीत जाऊन एक जाड, निरोगी पान बघून तोडलं.

सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी ते पोचले, तर शेजारी नारळ विकणारा म्हणाला, "काका, त्यात नका टाकू. ती उघडतात का नाही, कोणाला माहीत." सरांना जवळजवळ बरं वाटलं. परत फिरता येईल, असा विचार डोक्यात येऊन गेला. मग ते तसेच पुढे निघाले, गर्दीतून, पुलाखालून, थेट मोठ्या पोस्टापर्यंत. खिडकीवर पाकीट वजनावर टाकून घेतलं. पानामुळे एक तिकीट जास्तीचं लागलं. बाहेर भिंतीतल्या पेटीत त्यांनी हात घातला, आणि पाकीट धरून तसेच उभे राहिले. मागे एक बाई राखीचं पाकीट घेऊन थांबली होती. "झालं का, आजोबा?"

सरांनी बोटं सोडली.

मग त्यांना निघवेना. दुपारी पेटी उघडतात असं खिडकीवरच्याने सांगितलं होतं, म्हणून ते बाहेरच्या कट्ट्यावर बसले. 'लाच' हा शब्द पत्रात नव्हता ना? 'तुझा' लिहिलं की 'आपला'? 'मला कळव' हे फार हुकमी तर नाही झालं? आताही सांगितलं तर पोस्टातला माणूस पाकीट काढून देईल, देतात म्हणे, ओळख पटवली की.

खाकी शर्टातला माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. पेटीचं दार उघडून त्याने आतला गठ्ठा थैलीत ओतला. वरच सरांचं पाकीट होतं, एका बाजूला जरा फुगलेलं. त्याने सरांकडे बघितलं.

"काय आजोबा, चुकून टाकलंत का काही? परत हवंय?"

सर उठून उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "असू दे. जाऊ दे ते."

त्याने थैलीचं तोंड आवळलं, दोरी बांधली आणि ती खांद्यावर टाकून आत नेली.